स्टॉक कॅलिपर ठेवून फक्त पुढच्या डिस्क बदलल्या तर घाटात फरक पडेल का?

तितूरकाठ

राम राम मंडळी, चाळीसगावहून लिहितोय. गाडी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, एबीएस (जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम, सगळं कंपनीचंच आहे. वडिलांना तपासणीसाठी दर आठवड्याला संभाजीनगरला न्यावं लागतं, म्हणजे जाताना कन्नड घाट चढायचा आणि संध्याकाळी भरल्या गाडीने तोच उतरायचा, मागे आई-वडील, डिक्कीत सामान.

दोन त्रास आहेत. एक, घाट निम्मा उतरलो की पेडल नरम पडतं, पाय नेहमीपेक्षा खोल जातो, खाली सपाटीला येऊन दहा-पंधरा मिनिटं झाली की परत पहिल्यासारखं. दोन, धुळे रोडला ८० च्या आसपास ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, हलका दाबला तर जास्तच जाणवतं.

जळगावला एका दुकानात दाखवली. तो म्हणे डिस्क वाकल्या, आता त्याच कशाला टाकता, भोकं आणि चरे असलेल्या टाका, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबून धरणारा भाग) तेच राहतील, ब्रेक दुप्पट लागेल. पैशाचा प्रश्न नाही, आई-वडील गाडीत असतात म्हणून जे करायचं ते नीट करायचंय. कोणी अशा डिस्क स्टॉक कॅलिपरवर टाकल्यात का आणि खरंच फरक पडतो का?

भुसावळ_एक्सप्रेस

भाऊ मी टाकल्यात ना, भोकं आणि चरे दोन्हीवाल्या, कॅलिपर कंपनीचेच. सोबत पॅडही नवे टाकले होते. मला तर मस्त फरक वाटला, पहिल्या दाबालाच पकड येते, अलॉयमधून दिसतातही भारी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, भोकांमुळे हवा खेळती राहते असं मला सांगितलं होतं. घाटात मात्र मी फारसा जात नाही, माझं सगळं हायवेला.

लेथवाला_जळगाव

तितूरकाठ भाऊ, थोडं सविस्तर लिहितो कारण रोज हेच काम हातातून जातं.

आधी ब्रेक ‘दुप्पट’ लागण्याचं बघू. चाक थांबवणारा जोर तीन गोष्टींवर ठरतो, कॅलिपरचा पिस्टन पॅडला किती जोराने दाबतो, पॅड आणि डिस्कमधलं घर्षण किती, आणि पॅड डिस्कच्या मध्यापासून किती अंतरावर धरतो. तुम्ही कॅलिपर तोच ठेवला, डिस्कचा व्यास तोच ठेवला, म्हणजे पहिली आणि तिसरी गोष्ट जागच्या जागी. राहिलं घर्षण, आणि ते मुख्यत्वे पॅडच्या मसाल्यावर असतं, भोकांवर नाही. भुसावळवाल्या भाऊंना जो फरक जाणवला त्यात नव्या पॅडचा वाटा मोठा आहे. आणि शेवटी गाडी थांबते टायरच्या पकडीवर. तुमचे आत्ताचे ब्रेक सपाट रस्त्यावर जोरात दाबले तर चाकं लॉक होत असतील ना? मग जोर कमी नाहीच, अडचण उष्णतेची आहे.

उष्णतेचा हिशोब करू. चार माणसं आणि सामान धरून गाडी १३०० किलो. १०० च्या स्पीडवरून पूर्ण थांबवली तर साधारण ५ लाख ज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी समजा ३०० मीटर उंची उतरली तर ३८ लाख ज्यूल. म्हणजे १०० वरून सात-साडेसात वेळा कचकन थांबवण्याइतकी उष्णता, तीही ३०-४० च्या स्पीडला, जिथे डिस्कला वाऱ्याचा झोत मिळत नाही. इंजिनने काही ओढून धरलं नाही तर हे सगळं ब्रेकच्या अंगावर येतं, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर.

ही उष्णता आधी लोखंड पितं. जाड तवा लवकर तापत नाही आणि पातळ तवा लगेच लाल होतो, डिस्कचं तसंच आहे. भोकं पाडली की लोखंड कमी झालं, म्हणजे तीच उष्णता कमी वजनात शिरणार. व्हेंटिलेटेड डिस्कची खरी हवा भोकांतून जात नाही, दोन थाळ्यांच्या मधल्या पाकळ्यांतून जाते. हबकडून, म्हणजे चाकाच्या मध्याकडून, आत ओढली जाते आणि फिरण्याच्या जोराने कडेने बाहेर फेकली जाते. भोकांची पद्धत आली ती जुन्या काळी पॅड तापून गॅस सोडायचे तो निघून जावा म्हणून. आजच्या पॅडना तेवढी गरज नाही. पावसात डिस्कवरचं पाणी पुसलं जायला भोकं-चऱ्यांची थोडी मदत होते हे खरं आहे, पण चरे पॅड लवकर खातात आणि भोकांच्या कडेला तडे जातात. घाटात तापणं-गार होणं सारखं चालतं तिथे तर लवकर.

आणि ४५ डिग्रीचं म्हणाल तर घाटात डिस्क सहज २००-३०० डिग्रीला जाते, तिच्यापुढे हवा ३० ची का ४५ ची याने फार फरक पडत नाही.

तुमच्या लक्षणावरून मला डिस्कपेक्षा ब्रेक ऑइलचा संशय जास्त आहे. पेडल नरम होऊन खोल जातं आणि गार झाल्यावर परत येतं, हे ऑइल उकळल्याचं लक्षण. पॅड तापून घसरायला लागले असते तर पेडल कडक राहिलं असतं आणि तरी गाडी थांबली नसती. हा फरक नीट लक्षात ठेवा, दोन्हीचा इलाज वेगळा आहे. ऑइल शेवटी कधी बदललं?

तितूरकाठ

दादा, ऑइल बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात कुठेच नाही. सर्व्हिसला दरवेळी ‘टॉप अप’ एवढंच लिहिलंय. गाडी सेकंड हँड घेतलेली आहे त्यामुळे आधीचं माहीत नाही.

धुळे_स्पेअर

टॉप अप म्हणजे काहीच नाही भाऊ. आमचं स्पेअरचं दुकान आहे, गिऱ्हाईक इंजिन ऑइल विचारून विचारून घेतं पण ब्रेक ऑइल बदलायचं असतं हे दहातल्या आठ जणांना माहीत नसतं.

हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, गाडीतल्या झाकण लावलेल्या डबीतसुद्धा, होजच्या रबरातूनसुद्धा हळूहळू आत जाते. डॉट म्हणजे ऑइलची प्रत, डॉट ३ नवं असताना २०५ डिग्रीला उकळतं, ओल धरल्यावर १४० ला. डॉट ४ नवं २३० ला, ओल धरलेलं १५५ ला. हे किमान आकडे आहेत, चांगल्या कंपनीचं याच्या वर असतं. आता बघा, जुनं ओल धरलेलं ऑइल कॅलिपरमध्ये, डिस्कला चिकटून, घाटात. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दबत नाही पण वाफ दबते, तुमचा पाय बुडबुडे दाबण्यातच जातो. दर दोन वर्षांनी बदला. डबीच्या झाकणावर कुठला डॉट लिहिलाय तो बघा, तिथे डॉट ३ असेल तर डॉट ४ घालता येतं, डॉट ५.१ पण चालतं, पण नुसतं डॉट ५ कोणी दिलं तर घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही. सीलबंद छोटी बाटली घ्या, गॅरेजमध्ये महिनोन्महिने उघडा पडलेला डबा नको. आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली एअर काढून पूर्ण जुनं ऑइल बाहेर यायला हवं, नळीतून स्वच्छ पिवळसर येईपर्यंत.

पॅडबद्दल, पॅडच्या कडेवर किंवा मागच्या पत्र्यावर नंबरात दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानातलं घर्षण, दुसरं गरम झाल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. घाटवाल्याने किमान एफएफ बघून घ्यावे, आणि एफई असेल तर गरम झाल्यावर पकड उतरते असा अर्थ. नकली पॅडवर कधी कधी हे छापलेलंच नसतं. बिल मागा, होलोग्राम बघा, बॉक्स आधी उघडलेला असेल तर परत करा.

डिस्क बदलायचीच असेल तर साधी, गुळगुळीत, कंपनीच्या मापाची, चांगल्या ओतीव लोखंडाची घ्या. हाय कार्बनवाली मिळाली तर उत्तम, ती उष्णता लवकर पसरवते आणि तडे कमी जातात. माझ्या दुकानात भोकंवाल्या विकल्या तर मला जास्त सुटतात, तरी सांगतोय.

तोरणमाळ_फेरी

शहाद्याहून लिहितोय, गाडी भाड्याने चालवतो, महाशिवरात्रीच्या यात्रेला तर तोरणमाळच्या फेऱ्या दिवसरात्र चालतात. वर साडेतीन हजार फूट, सातपायरीची वळणं, आणि गाडीत माणसं ठासून. ब्रेक सगळे स्टॉक.

भाऊ, गाडी गियरमाच ठेव, बाकी बठ्ठं नंतर. ज्या गियरवर घाट चढला त्याच गियरवर उतरायचा, दुसरा लागला तर दुसरा. इंजिन ओरडलं तर ओरडू दे, पेट्रोल त्यावेळी जवळपास जात नाही, आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत तर अजिबातच. ब्रेक पाय ठेवून घासत घासत न्यायचा नाही, वळणाआधी एकदा नीट दाबून स्पीड पाडायचा आणि पाय काढून घ्यायचा, तेवढ्या वेळात डिस्क श्वास घेते. काही पोरं पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारून, वरून चावी बंद करून उतरतात. इंजिन बंद म्हणजे पायाला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम संपली, दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगड होतं आणि स्टिअरिंग पण जड. हे कोणी करत असेल तर आजपासून बंद करा रे भावांनो, माझ्या डोळ्यासमोर गाडी दरीच्या कठड्याला लागलेली आहे.

अजून एक, पायथ्याला थांबून गरम चाकावर पाणी ओतायचं नाही. वास आला, धूर दिसला की लोक बाटली ओततात, किंवा घाट उतरून सरळ वॉशिंग सेंटरला लावतात. तापलेलं लोखंड एका बाजूने गार झालं की तडा जातो नाहीतर आकार बिघडतो. आणि थांबलात तर ब्रेकवर पाय दाबून धरू नका, पॅड तापल्या डिस्कला एकाच जागी चिकटून बसतो. गाडी गियरमध्ये टाका, चाकाला दगड लावा.

पारोळेकर_ताई

मी या विषयातली नाही पण एक विचारते. माझी जुनी छोटी गाडी आहे, पुढे सॉलिड डिस्क आहेत. तेच कॅलिपर ठेवून व्हेंटिलेटेड डिस्क बसतील का? आणि माझा भाचा म्हणतो त्यापेक्षा मोठ्या व्यासाचीच टाक, लोहाराकडून ब्रॅकेट करून घेऊ. शाळेला रोज गाडीनेच जाते म्हणून विचारतेय.

लेथवाला_जळगाव

ताई, सॉलिड डिस्क साधारण १०-१२ मिलिमीटरची असते, व्हेंटिलेटेड १८-२० च्या पुढे. कॅलिपरच्या तोंडात ती मावणारच नाही. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला व्हेंटिलेटेड येत असेल तर तिथला कॅलिपर, ब्रॅकेट, डिस्क, पॅड असा पूर्ण सेट बसवतात, पण मग तो या धाग्यातला स्टॉक कॅलिपरचा विषय राहत नाही. रोजच्या शाळेच्या रस्त्याला तुम्हाला त्याची गरजही नाही.

मोठ्या व्यासाचं मात्र खरंच कामाचं आहे, तत्त्व म्हणून. पॅड मध्यापासून १०५ मिलिमीटरवर धरत होता तो ११५ वर गेला तर तेवढ्याच दाबाला साडेनऊ टक्के जोर वाढतो, आणि लोखंड जास्त म्हणून उष्णताही जास्त पेलते. पण कॅलिपर बाहेर सरकवायला ब्रॅकेट लागतं, आणि ब्रेकचा सगळा झटका त्या ब्रॅकेटवर आणि दोन बोल्टांवर येतो. वेल्डिंगच्या दुकानात पट्टी कापून केलेलं ब्रॅकेट मी कोणाच्याही गाडीला लावू देणार नाही, माझ्याकडे लोक ड्रॉइंग घेऊन येतात, परत पाठवतो. शिवाय १४ इंची रिमच्या आत जागा किती उरते ते बघावं लागतं, आणि पुढचा जोर वाढला की पुढची चाकं आधी लॉक होतात, एबीएस नसेल तर पावसाळ्यात गाडी स्टिअरिंगला ऐकत नाही. भाच्याला सांगा आधी पॅड आणि ऑइल.

भुसावळ_एक्सप्रेस

लेथवाले दादा, तुमचं वाचून काल चाक काढून डिस्क नीट बघितली. उजव्या बाजूच्या डिस्कवर तीन भोकांपाशी केसासारख्या रेषा आहेत. नख फिरवलं की दोन ठिकाणी नुसत्या दिसतात पण लागत नाहीत, एका ठिकाणी नख अडकतं, ती रेष भोकापासून कडेच्या दिशेने गेलीय. हे कितपत चालतं?

लेथवाला_जळगाव

नख अडकलं म्हणजे डिस्क काढा, भाऊ. वरवरच्या रेषा वापराने येतात, त्यावर लक्ष ठेवून चालवता येतं. पण एका भोकातून निघून कडेकडे किंवा दुसऱ्या भोकाकडे निघालेला तडा थांबत नाही. दोन्ही बाजूंच्या जोडीने बदला, एकच नवी टाकू नका. आणि गाडी तोपर्यंत हायवेला नका काढू.

नव्या घेताना अजून एक बघा, काही डिस्कच्या आतल्या पाकळ्या वाकड्या असतात, त्या डाव्या-उजव्या वेगळ्या येतात. पाकळीचं बाहेरचं टोक फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेलं हवं, तरच हवा बाहेर फेकली जाते. वरचे चरे बघून दिशा ठरवतात आणि उलट्या बसवतात, असं कामाला आलेल्या गाड्यांत मी बघितलंय. पाकळ्या सरळ असतील तर कुठलीही कुठे चालते.

तितूरकाठ

मंडळी, सगळ्यांचं वाचून गाडी घेऊन लेथवाल्या दादांकडे एमआयडीसीत गेलो होतो. जे निघालं ते लिहितो.

चाक काढल्यावर डाव्या बाजूचा बाहेरचा पॅड जवळपास नव्यासारखा जाड आणि आतला, पिस्टनच्या बाजूचा, पत्र्याला टेकायला आलेला. दादांनी कॅलिपर हाताने सरकवून दाखवला, सरकतच नव्हता. कॅलिपर ज्यावर सरकतो ती खालची पिन काढायला पाना लावून गोल गोल फिरवत ओढावी लागली, बाहेर आली तेव्हा जुनं ग्रीस काळ्या डांबरासारखं वाळलेलं आणि पिनच्या मधोमध गंजाचा पट्टा. रबराचं बूट फाटलेलं होतं, पाणी तिथूनच जात होतं. म्हणजे एकच पॅड काम करत होता आणि सुटतही नव्हता, पाय काढला तरी घासत राहायचा, तापायचं कारण तिथेच. डाव्या डिस्कवर निळसर डागही त्यामुळेच.

मग डिस्क फिरताना किती हेलकावते ते मोजायला डायल गेज लावला. चुंबकाचा स्टँड स्ट्रटला चिकटवला, सुई डिस्कच्या कडेपासून बोटभर आत टेकवली आणि डिस्क हाताने हळू फिरवली. सुई ०.१२ मिलिमीटर फिरत होती. दादांनी डिस्क काढली, हबवर जिथे डिस्क बसते तिथे गंजाची गोल कड आली होती, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने ती साफ केली, तीच डिस्क परत बसवून नट लावले आणि परत फिरवली तर ०.०६. निम्मा दोष गंजाचा निघाला. मायक्रोमीटरने मात्र डिस्क आतल्या कडेवर छापलेल्या किमान जाडीच्या अगदी जवळ आलेली, म्हणून लेथवर मारायची नाही असं दादांनी स्पष्ट सांगितलं.

शेवटी टाकलं ते असं. साध्या कंपनीच्या मापाच्या डिस्क दोन्हीकडे, एफएफ पॅड, दोन्हीकडच्या पिना आणि बूट नवे, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस, डॉट ४ पूर्ण बदललं. निघालेलं ऑइल काळ्या चहाच्या रंगाचं होतं.

लेथवाला_जळगाव

नवीन डिस्क बसवून पण डायल लावला होता, ०.०३ आला. बहुतेक छोट्या गाड्यांना ०.१० पर्यंत चालवतात पण ०.०५ च्या आत आल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. कारण एवढासा हेलकावा असला तरी डिस्क फिरताना तिची एकच जागा पॅडवर घासत राहते आणि हळूहळू तिथली जाडी कमी-जास्त होते. जाडीत ०.०२ चा फरक पडला की स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात. खरी वाकलेली डिस्क क्वचित बघायला मिळते, बरेचदा हबवरचा गंज, वेडेवाकडे आवळलेले नट नाहीतर पॅडचा मसाला डिस्कवर एका जागी चिकटलेला असतो. टायरवाल्याकडे गन लावून नट कचाकच आवळतात ना, तिथे उभं राहून हाताच्या पान्याने, समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळून घ्या.

नवे पॅड डिस्कशी घासून जुळवून घ्यायचं विसरू नका. रिकामा रस्ता बघून ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आणायची, पूर्ण थांबवायची नाही, परत ६०, असं आठ-दहा वेळा, मग पाच-सात किलोमीटर ब्रेक न दाबता गार होऊ द्यायची. पहिला घाट त्यानंतरच.

तितूरकाठ

ते सकाळी मालेगाव रोडला करून घेतलं दादा, गर्दी नव्हती तेव्हा. परवा संभाजीनगरहून परत येताना घाट दुसऱ्या गियरवर उतरलो, पेडल वरून खालपर्यंत एकाच उंचीला राहिलं आणि थरथर पूर्ण गेली. खाली आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघितला, दोन्हीकडे सारखीच धग. वडील मागून म्हणाले आज गाडी झोल खात नाहीये.

धुळे_स्पेअर

मागचे ड्रम उघडले का? पुढचं एवढं झालं असताना ते राहून जातात. लायनर संपत आले की पेडल खालून लागतं आणि हँडब्रेक वर येतो, तुमचा हँडब्रेक किती टकटक वर येतो?

तितूरकाठ

नऊ-दहा येतो. म्हणजे जास्तच आहे ना? शनिवारी ड्रम काढून घेतो, आत ऑइल ओलं दिसलं तर व्हील सिलिंडरचं किट पण लागेल, दुकानात ठेवून द्या दोन्ही बाजूंचं.